मेलेल्या सरकारची चपरास

मी चपरास बोलतेय. शिपायाच्या छातीवरच्या लाल पट्ट्याला लावायचा पितळेचा बिल्ला. अंगावर निजाम सरकारची निशाणी, वर दस्तार म्हणजे पगडी, आणि खाली कुलचा म्हणजे गोल रोटी. लोक माझ्यापुढं वाकायचे. मला वाटायचं, मान माझाच. माझ्याइतकी मूर्ख दुसरी नसेल.

मला लावायचा हैदराबादेतल्या नल्लकुंट्याचा अंबाजी शिपाई. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, पुढं अशोकाच्या सिंहाचे बिल्ले आले, जुने जमा करायचा हुकूम निघाला. पण त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं, खंडेनवमीला मला हत्यारात पूजलेलं. "हळद लागलेली वस्तू परत देतात का कुठं?" म्हणाली, आणि मला देव्हाऱ्यातच ठेवलं.

छप्पन साली हैदराबाद राज्यच मोडलं. अंबाजीची नोकरी आंध्र सरकारकडं गेली. मोडलेल्या राज्याचा म्हणून सिंहाचा बिल्लाही जमा झाला, नवा काही येईना. तेवढ्यात नांदेडचे हणमंतराव मुलासाठी अंबाजीच्या लेकीला, जयवंताला बघायला आले. मध्यस्थानं सांगितलेलं, सरकारी माणसाची लेक आहे.

"रिकाम्या पट्ट्यानं कसा बसू?" म्हणत अंबाजीनं मला उचललं.

"अहो, ती नक्को!" कोंडाबाई ओरडली. ऐकतंय कोण?

पोहे खाता खाता हणमंतराव माझ्याकडं वाकले. "काय हो पाव्हणं, हे सरकार तर कवाच मेलं की! मढ्याची चाकरी करता व्हय?"

बैठकभर हसू. अंबाजीनं मला तळहातानं झाकलं. मला वाटलं, आत्ताच वितळून जावं.

कोंडाबाई चुलीपुढून उठून आली. "नोकरी चालू आहे त्यांची. पितळ कशाला बघता, माणूस बघा ना!"

"थट्टा केली हो, विहीणबाई. पोरगी पसंत आहे आम्हांला."

जयवंता पुढं आली. बापाचा हात बाजूला केला, मला पट्ट्यावरून सोडवलं. "बाबा, असेच बसा. तुम्ही बरे दिसता." मग पाहुण्यांकडं वळली. "माझ्या बापाला हसलेलं घर मला पसंत नाही."

पाहुणे उठले. कोंडाबाईनं अडवलं नाही. अंबाजी मान खाली घालून बसला, लेकीकडं बघेना.

पुढं अंबाजीनं मला विकून टाकलं; आता मी अफझलगंजच्या बाजारात, भांडी ओतणाऱ्याच्या मोडीत पडलेय. जयवंताचं चांगलं स्थळ मोडलं, ते माझ्यामुळं. बाबांनो, भट्टी पेटली की मला आधी टाका. तांब्या करा, पळी करा, दाराची कडीही चालेल. फक्त कुणाच्या छातीवर लावू नका.