बाईमाणसाचं पिस्तूल

पश्चिम टेक्सासातल्या एका गावात ओलीटा स्टॅम्प्स जनावरांच्या खाद्याचं दुकान एकटी चालवायची. नवऱ्यामागे तिने ते वाढवलं होतं. पण हिवाळ्यात एक चोर गल्ल्यापाशी सुरा काढून उभा राहिला, आणि तेव्हापासून मुलगा गारलंड हात धुऊन मागे लागला. दुकान वीक, डॅलसला आमच्या मागच्या खोलीत राहा. दलालही बघून ठेवला होता. मागची खोली म्हणजे सुनेची इस्त्रीची खोली. तिथे आईला घडी घालून ठेवायचा बेत.

भांडून भांडून एवढं ठरलं, की आईने अंगावर पिस्तूल बाळगायचं आणि परवान्याच्या नेमबाजीच्या परीक्षेत उतरायचं. पास झाली तर विषय बंद, नापास झाली तर दुकान दलालाच्या घशात.

बंदुकीच्या दुकानात म्हाताऱ्या पर्विसने गुलाबी मुठीचं चिमुकलं पिस्तूल पुढे केलं. "मिस ओलीटा, पाखरासारखं हलकं. सगळ्या बायका हेच नेतात."

"पर्विस, मी पिस्तूल मागितलं, लिपस्टिक नाही."

"आई, हलकंच घे," गारलंड म्हणाला. "तुझी बोटं आखडलीत. जड झेपायचं नाही."

"मग पेंडीची पोती कोण उचलतं रे? तुझी बायको येते डॅलसहून?"

तरी दुकानामागच्या नेमबाजीच्या मैदानात तिने ते झाडून पाहिलं. शिंगराने लाथ घालावी तसा हाताला हिसका बसला. दुसरी गोळी निशाण्याचा कागद सोडून मातीच्या बांधात गेली. गारलंडचा चेहरा खुलला. ओलीटा मात्र हात चोळत विचार करत राहिली. रिकामा पिकअप खड्ड्यातून उडतो, पोती भरलेला बसून चालतो. बाईमाणसाला हलकं द्या म्हणणाऱ्यांनी एवढं साधं कधी पाहिलं नव्हतं.

"यापेक्षा जड काढ. भरदार."

पर्विसने काढलं, उघडून रिकामं दाखवलं. तिने स्वतः पुन्हा आत डोकावून पाहिलं, मगच हातात घेतलं. गोळी चढवताना ओढतात तो वरचा सरकता भाग मागे ओढायला गेली, तर चिमटीत जोर येईना.

"दे, मी ओढतो."

"चोर आल्यावर तुला डॅलसहून बोलावू?"

तिने नळी निशाण्याकडेच ठेवली, पिस्तूल छातीजवळ घेतलं, अख्खा पंजा वरून घट्ट आवळला आणि ओढायचं सोडून दुसऱ्या हाताने मूठच पुढे ढकलली. अडकलेली दारं खांद्याने उघडायची तिची जुनी रीत. खटकन सरकलं. मग गोळ्या भरून झाडलं, तर हिसका निम्म्याने कमी आणि भोक जिथे हवं तिथे.

पुन्हा रिकामं करून तिने ते पर्विसने दिलेल्या कमरेच्या म्यानात खोचलं, वर नवऱ्याचा ढगळ शर्ट सोडला. बसली, वाकली, पर्विसचं कुत्र्याच्या खाण्याचं पोतं उचलून पाहिलं. "दिसतंय काही?"

"अंहं," पर्विस म्हणाला.

"पर्समध्ये ठेव ना, आई."

"पर्स मी चर्चमध्येसुद्धा विसरते. कंबर अजून कुठे विसरले नाही."

महिनाभर ती दुपारी दुकान बंद करून पर्विसच्या मैदानावर जात राहिली.

परीक्षेला ओळीत तरणेताठे गडी होते. कोणीतरी हसून म्हणालं, "आजी, चष्मा आणलात ना?" तिने चष्मा पुसून नाकावर चढवला. जवळून गोळ्या झाडल्या, लांबून झाडल्या. परीक्षा घेणाऱ्या डार्लीनबाईंनी कागद उतरवला, त्यावरच्या माणसाच्या चित्रात छातीच्या जागी मुठीएवढं भगदाड पडलं होतं. त्यांनी तो सगळ्यांपुढे उंच धरला. हसणाऱ्याने टोपी काढली.

"पास, मिस ओलीटा. आणि आजच्यात पहिल्या."

मागे उभा असलेला गारलंड पुढे आला.

"त्या दलालाला फोन लाव," ती म्हणाली. "इथेच."

त्याने लावला. ओलीटाने फोन ओढून घेतला. "दुकान विकायचं नाही. कोंबड्यांचं खाणं हवं असलं तर सकाळी ये, उधारी मिळणार नाही."