बानूबाईच्या कुरडया आणि आम्ही दहाजणी

मी सोलरची प्लेट बोलतेय. कागदावर माझं नाव सौर पॅनेल आहे, पण पिंपळीत त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. गोड बोलायला मला येत नाही. दिवसभर उन्हात उभी राहणारी बाई गोड कुठून बोलणार? जे झालं ते सांगते. त्यात माझीही अब्रू जायची वेळ आली होती.

माझा जन्म वाळूतला. वाळू भट्टीत गेली, तिच्यातून माझ्या काळ्यानिळ्या चकत्या निघाल्या, वर काच बसली आणि मला ट्रकमध्ये उभी कोंबली. वाटेत आमचा ट्रक तासभर एका लांबलचक गाडीमागं अडकला. तिच्यावर पवनचक्कीचं एकच पातं होतं, पण वळणावर अख्खा रस्ता अडवून बसलेलं. ड्रायव्हर शिव्या घालत होता. मला मात्र बरं वाटलं. मी उन्हाला कामाला लावणारी, ती वाऱ्याला. चुलत बहीणच की माझी. ती डोंगराकडं गेली, मी पिंपळीच्या शिवारात आले.

मला आणलं विजयमालानं. तिचा नवरा माळेगावच्या कारखान्यावर कामाला, म्हणून शेत तिच्याच अंगावर. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला बाई बॅटरी घेऊन एकटी वाफ्यात उभी राहायची, पायाखाली काय वळवळतंय ते बघत. एकदा घोणस निघाली, तेव्हा तिनं ठरवलं आणि सोलर पंपाचा अर्ज भरला. कुणाला विचारलं नाही.

दीर रावजी बांधावर उभा राहून हसला. म्हणाला, "उन्हावर मोटार चालती व्हय वहिनी? मग भाकरी बी उन्हावरच भाजा."

आम्ही दहाजणी विहिरीजवळ एका रांगेत बसलो, हात लावता येईल इतक्या उंचीवर. पहिल्याच दिवशी पाणी धो धो आलं. विजयमाला रोज सकाळी ओल्या फडक्यानं आमची तोंडं पुसायची. पोटच्या पोरीचं कुणी पुसत नाही इतक्या मायेनं. तिनं उन्हाळी दोडका लावला, मांडव घातला. दिवसा पाणी द्यायचं आणि रात्री झोपायचं, एवढंच सुख तिला पाहिजे होतं.

मग चैत्र आला आणि आमची सासू जागी झाली. सासू म्हणजे विजयमालाची, बानूबाई. गव्हाचा चीक शिजवला, आणि कुरडया वाळवायला जागा शोधत म्हातारी घरभर फिरली. खाटेवर कुत्रं बसतं, पत्र्यावर कावळे येतात. फिरत फिरत ती विहिरीवर आली आणि माझ्या काचेवरून हात फिरवला. तापलेली, उतरती, लख्ख पुसलेली. तिला दुसरं काय पाहिजे?

दुसऱ्या दिवशी माझ्यावर आणि शेजारणीवर जुनं लुगडं पसरलं. एक टोक सासूनं धरलं, दुसरं विजयमालानं. हो, विजयमालानंच. रोज सोऱ्या फिरवून नव्या कुरडयाही तिनंच घातल्या.

तेव्हापासून मोटार नुसती गुरगुरायला लागली. पाणी पाइपात चढायचं आणि अर्ध्यातून मागं जायचं. लुगडं सगळ्यांना दिसत होतं, पण वाळवण हे घरातलं काम आणि मोटार शेतातली, दोन्हींचा संबंध कुणाच्या डोक्यात येईना. मी ओरडून सांगणार तरी कशी? मला वाचाच नाही, आणि होतं ते तोंडही झाकलेलं.

तीन दिवसांत दोडक्याची पानं लोंबली. रावजी रोज येऊन बघून जायचा. चौथ्या दिवशी विजयमाला त्याला म्हणाली, "परवापर्यंत पाणी न्हाय चढलं, तर ह्या प्लेटा मी सोताच्या हातानं उपटीन आन् पुन्हा रातीचं पाणी धरीन. मग पोटभर हसा." बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ते मला फार लागलं.

पाचव्या दिवशी बारामतीहून दुरुस्तीला निकिता आली. आयटीआय शिकलेली पोरगी, पाठीला हत्यारांची पिशवी. तिनं पेटी उघडली, वायरी तपासल्या, विहिरीत डोकावली. मग माझ्यापाशी येऊन एक अर्धवट ओली कुरडई उचलली आणि तोंडात टाकली.

"मोटार धडधाकट हाय आज्जी," ती चावत चावत म्हणाली. "तुमची कुरडई पाणी पितीया."

बानूबाई चिडली. दहातल्या दोन झाकल्या तर आठ मेल्या काय, असं तिचं म्हणणं. निकितानं तिला विचारलं, तुम्ही विहीर खणताना मातीच्या पाट्या हातोहात दिल्या असतील ना? त्या ओळीत दोघी बसकण मारून बसल्या तर पाटी पुढं जाईल का?

म्हातारी माझ्यापाशी आली. मग स्वतःच लुगड्याचं टोक धरलं आणि सुनेला म्हणाली, "धर गं. माझ्या तोंडाकडं काय बघतीस?"

लुगडं उठलं आणि ऊन माझ्या अंगावर पडलं. मोटारीचा आवाज बदलला. पाइपानं दोन उचक्या दिल्या आणि पाणी दोडक्याच्या सरीत पडलं. विजयमाला तिथंच खाली बसली, पाण्यात पाय घालून. रावजी बांधावरून उतरला. मला वाटलं, आता टोमणा येणार. तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, अर्जाला कागद काय काय लागत्यात?"

आता शाळेच्या छपरावर माझ्या जातीच्या आल्यात, दूध डेअरीवरही आल्यात. मला अजून वीस वर्षं तरी राबायचंय. ढगाळ दिवशी मी कमी पडेन, रात्री माझी आशा धरू नका, तेव्हा वाऱ्यावरच्या बहिणीला हाक मारा. मागणं एकच. तोंड पुसत जा आणि माझ्यावर सावली धरू नका. माणसांवर धरतात ती माया झाली, माझ्यावर धरली की उपास.

गेल्या सोमवारी रावजीच्या प्लेटा आल्या. खड्डे खणणाऱ्यांच्या डोक्यावर बानूबाई काठी टेकून उभी होती.

"हातभर आणखी वर बसवा रं," ती म्हणाली. "चैत आला की मला माझा भरवसा न्हाय."