डासाच्या पोटातील मुक्काम कायम ठेवण्याबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : डासांच्या खोलीतील सर्व भांडी सोमवारी उकळण्याचा साहेबांचा तोंडी आदेश.

उपरोक्त विषयी निवेदन करतो की, मी एक जिवाणू बोलतोय. ‘मी’ म्हणताना अवघडल्यासारखं होतं, कारण हे निवेदन सुरू केलं तेव्हा मी एकटा होतो आणि ते संपेपर्यंत आम्ही दोघे झालेले असू.

जन्म प्रयोगशाळेतला, प्लास्टिकच्या ट्रेमधल्या पाण्यात. शेजारी मलेरिया पसरवणाऱ्या जातीच्या डासांच्या अळ्या वळवळत. त्यातल्या एकीने मला गिळलं. गिळणाऱ्याला वाटतं, प्रकरण निकाली निघालं. मी तिच्या आतड्याला चिकटून बसलो. पुढे अळीचा कोष झाला आणि तिने जुनं आतडं टाकून नवं करायला घेतलं. भाडेकरूचं सामान रस्त्यावर यावं तसे माझे भाऊबंद बाहेर पडले. आम्ही चार-दोन जण कोपऱ्यात तग धरून राहिलो. तिला पंख फुटले तेव्हा आम्ही आतच होतो.

तेव्हापासून स्वस्थता अशी नाही. कधी साखरेचं पाणी, कधी रक्ताचा पूर. रक्त आलं की आम्ही बेसुमार वाढतो आणि मग तिचं शरीर आमच्यावर उठतं. शिवाय तिचं आयुष्य ते केवढं! ती अंडी घालायला बसली की त्यांच्या कवचाला धरून पुन्हा पाण्यात उतरायचं आणि कुणी गिळतंय का याची वाट बघायची.

रक्तातून मलेरियाचा परजीवीही येतो. त्यालाही घर करायचं असतं ते ह्याच आतड्याच्या भिंतीत. माझ्या अंगातून जे पाझरतं ते त्याला सोसत नाही. यात माझा परोपकार काही नाही, जागेचं भांडण आहे.

पण साहेबांना औषध तपासायला मलेरिया झालेले डासच हवे होते. डासांची देखभाल करणाऱ्या मावशींना त्यांनी बोलावलं.

“मावशी, तुमच्या डासांना झालंय काय?”

“काहीच झालेलं नाही, साहेब. तीच तर तुमची तक्रार आहे ना?”

“ट्रेमधलं पाणी बदलता ना?”

“बदलते की. जुन्यातलं एक ओगराळं तेवढं नव्यात घालते. एकदम कोऱ्या पाण्यात अळ्या बुजतात.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“आता विरजण लावायला काय कुणी सांगावं लागतं?”

साहेबांनी कपाळाला हात लावला. माझ्या कित्येक पिढ्या त्या ओगराळ्यातून एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये बदलीवर गेल्या, हे त्यांना तेव्हा कळलं.

“सोमवारी सगळं उकळा. नवी अंडी मागवू.”

“सर,” तिथेच काम करत असलेल्या संशोधक बाई म्हणाल्या, “डास मलेरिया घेत नाहीयेत आणि आपण तेच फेकून देणार?”

“आपलं काम औषध तपासायचं आहे, बाई. डासांची तब्येत सुधारायचं नाही.”

मावशी जायला वळल्या होत्या, त्या थांबल्या. “माझी लेक परत थंडीतापाने पडलीय. असले डास आमच्या गल्लीत असते, तर मी कशाला तक्रार केली असती?”

मग साहेब म्हणाले, “करा अर्ज वर. सोमवारपर्यंत उत्तर आलं तर बघू.”

बाईंनी त्याच दिवशी अर्ज केला. माझी विनंतीही तीच, फक्त जरा धाकटी : एक ओगराळं पाणी राखून ठेवावं. त्यात मी मावतो.

सोमवार उजाडला, उत्तर आलं नाही. साहेब मोठ्या पातेल्यापाशी आले, घड्याळ पाहिलं आणि “दुपारची डाक येऊ दे,” म्हणून निघून गेले. पातेलं भरलेलं आहे, शेगडी पेटवलेली नाही. मावशींनी ट्रेमधलं पाणी बदललं. ओगराळं हातात धरून त्या दाराकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते नव्या पाण्यात रिकामं केलं.

दुपारची डाक येऊन गेली. अर्ज प्रलंबित आहे.