सतराशे पिना

"नवी वस्तू घरमा उनी का पह्यले देवनापुढे ठेवानी. अक्षता टाक्याबिगर हात लावाना नई."

सासूला जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिचा हा आवाज कमलबाईच्या कानातून काही गेला नव्हता. मिक्सर आला, पुनमची सायकल आली, नवऱ्याची मोटरसायकल आली. दर वेळी आधी हळदकुंकू, पाच अक्षता, नमस्कार, आणि मग वापर. शिंदखेड्याच्या त्या दोन खोल्यांत याला कधी कोणी हसलं नाही, आणि त्यातून कधी कशाचं वाईटही झालं नाही. त्या गुरुवारच्या सकाळपर्यंत तरी.

कमलबाई नेमाची बाई. उजाडायच्या आत अंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, आणि तो पुरा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. दर चातुर्मासात एखादा जादा नेम धरायची. एका वर्षी एक वेळचं मीठ सोडलं, एका वर्षी पायातली चप्पल. यंदा म्हणाली, चार महिने खोटं बोलायचं नाही.

"यामा काय अवघड शे तुले?" चिंधा, तिचा नवरा, हसला होता. तो गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. "तू तं बोलसच नई."

नवऱ्याशी ती अहिराणीत बोलायची आणि पोरीशी शाळेच्या भाषेत; पुनम शिकायला लागल्यापासून तशी सवयच पडून गेली होती.

ही पुनम एकवीस वर्षांची. घर बांधायच्या आधीच ते कसं दिसेल, हे कॉम्प्युटरवर उभं करून दाखवायचं काम ती शिकली होती. शिरपूरच्या दीपक सरांनी, म्हणजे तिथल्या एका इंजिनिअरने, पहिल्यांदाच तिला सहा घरं दिली होती. सोमवारी द्यायची. जमली तर कायमचं काम. आणि नेमका जुना कॉम्प्युटर धाप लागल्यासारखा आवाज करून बंद पडला. तीन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले चाळीस हजार पुनमने पत्र्याच्या डब्यातून काढले. सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर ती घरीच जोडणार होती.

"तयार लॅपटॉप ली ले ना," चिंधा म्हणाला. "मशीन जोडानं पोरीसनं काम शे का?"

"बाबा, लॅपटॉप घेतला की जेवढा घेतला तेवढाच. पुढे त्यात फार काही घालता येत नाही. हा आज बेताचा घेऊ, कामाचे पैसे आले की वाढवू."

चिंधाने मान हलवली, म्हणजे पटलं नव्हतं. तेव्हा कमलबाईच मध्ये पडली. "जाऊ द्या तिले. मी जास ना तिनासंगे."

बुधवारी जळगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कमलबाई अंग चोरूनच उभी राहिली. काडेपेटीएवढी वस्तू आणि नऊ हजार. दुकानदार पितांबरभाऊ एकेक खोकं काउंटरवर ठेवायचे आणि कमलबाईला वाटायचं, आता आपला धक्का लागणार, आता ते पडणार. पुनमला मात्र कशाची भीती नव्हती. कागदावर लिहून आणलेली यादी ती भाजी निवडावी तशी निवडत होती.

"ताई, दोन रॅमचा मदरबोर्ड घ्या, तीन हजार वाचतील."

"नको भाऊ, चार स्लॉटवाला द्या. रॅम आज एकच घालते."

"मग तीन जागा रिकाम्याच?"

"राहू द्या."

कमलबाईने तिची ओढणी ओढली. "अगं, रिकाम्या जागेचे कशाला पैसे?"

"आई, तू कणगी घेतलीस ती पहिल्याच वर्षी भरली होती का?"

कमलबाईने ओढणी सोडली. पुनमने चित्र दाखवायची ताकद आतच असलेला प्रोसेसर घेतला, म्हणजे वेगळं कार्ड आत्ता लागणार नाही. पण वीज पुरवणारा डबा, ज्याला ते एसएमपीएस म्हणत होते, तो तिने गरजेपेक्षा मोठा मागितला.

"कार्ड नाही घेत आणि एवढा मोठा सप्लाय?"

"कार्ड पुढच्या वर्षी. तेव्हा हा बदलायला लागू नये."

पितांबरभाऊ कमलबाईकडे वळले. "वहिनी, हिच्यासाठी नवरा शोधताना तुमचं कठीण आहे बरं."

"नवरापण पुढे वाढवता येईल असाच बघणार," पुनम म्हणाली. "आणि भाऊ, कॅबिनेट साधी द्या. लाईटवाली नको, वरात नाही काढायची."

शेवटी त्यांनी बोर्डाचं खोकं उघडलं. बोर्डाच्या मधोमध काळं प्लास्टिकचं झाकण होतं, ते अंगठ्याने उचललं आणि वर टॉर्च धरला. झाकणाखाली सोन्याच्या रंगाचं काहीतरी लवलवलं, जसं कोवळ्या गव्हाचं शेत फार उंचावरून बघावं.

"सतराशे पिना आहेत. केसापेक्षा बारीक. इथे प्रोसेसर बसतो. बघून घ्या, सगळ्या सरळ आहेत. इथून पुढे एक जरी वाकली तर वॉरंटी नाही. सही करा."

पुनमने सही केली. जोडून द्यायचे आठशे होतील म्हणाले, तर ती म्हणाली, मीच जोडणार.

परतीच्या रेल्वेत तिने बोर्ड मांडीवर घेतला होता. अमळनेर गेलं तशी म्हणाली, "आई, मी नसताना याला हात लावायचा नाही हं."

"नाही लावत," कमलबाई म्हणाली.

गुरुवारी सकाळी पुनम शिकवणीला गेली, ती अकराला येणार होती. पोथी झाल्यावर कमलबाईने सगळी खोकी देवापुढे मांडली. मुलीला दिलेला शब्द तिच्या ध्यानात होता. पण अक्षता वाहणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, असं तिने मनाशी ठरवलं. सगळ्यांत महागाचा, सगळ्यांत मुख्य तो बोर्ड. त्याला बंद खोक्यावरून कशा अक्षता वाहायच्या? तिने तो अलगद बाहेर काढला. झाकण कसं निघतं ते काल पाहिलंच होतं. तिने अंगठ्याने ते उचललं, डोळे मिटले, आणि ओल्या कुंकवात भिजवलेल्या पाच अक्षता सोडल्या.

चार बाहेर पडल्या. एक त्या सोनेरी शेतात पडली आणि तिथेच अडकली.

कमलबाईला बोट घालायची हिंमत होईना. कठीण वस्तूने ओरखडा जाईल, म्हणून तिने घरातली सगळ्यांत मऊ वस्तू शोधली. नवी फुलवात. तिच्या टोकाने दाणा हलकेच सारला. तो निघाला, पण लाल डाग राहिला. तिने तीनदा पुसलं. तिसऱ्या वेळी डाग गेला, पण कापूस कशात तरी अडकल्यासारखा झाला, तिने हलकेच ओढला आणि तो सुटला.

मग तिने वाकून पाहिलं. दोन ओळी आता इतरांसारख्या चमकत नव्हत्या. वाऱ्याने पीक आडवं व्हावं तशा झोपल्या होत्या.

तिने झाकण दाबून बसवलं आणि बोर्ड खोक्यात ठेवला. मग ओट्याशी जाऊन उभी राहिली. कदाचित चालेल, सतराशेतल्या पाचदहांनी काय होतंय, असं ती देवाला सांगत राहिली.

दुपारी पुनमने सगळं जोडलं. मोबाईलवर बघत, ओठ चावत, एकेक स्क्रू लावत. कमलबाई दारातून पाहत होती. दर वेळी पुनमचा हात पुढे गेला की तिला वाटायचं, आत्ता सांगावं. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं. रॅम काढून दुसऱ्या जागी लावली. शेवटी पुनमने प्रोसेसर उचलला, मोबाईलचा उजेड पाडला आणि वाकून पाहिलं.

"पिना वाकल्यात," ती म्हणाली. "आई, मी वाकवल्या. मी सरळ बसवला होता गं... बसवला नसेल."

कमलबाईची नजर देव्हाऱ्याकडे गेली.

पुनमने पितांबरभाऊंना फोन लावला. "नाही भाऊ, तुम्ही दाखवूनच दिला होता. माझ्याच हातून झालं." ते काहीतरी समजावत होते. धुळ्याला बन्सीलाल म्हणून एक जुने घड्याळवाले आहेत, आता पिना सरळ करून देतात, त्यांचा नंबर घ्या. तिने नंबर लिहून घेतला, पण फोन ठेवल्यावर तो कागद खोक्यात टाकून खोकं बंद केलं.

संध्याकाळी चिंधा आला आणि ऐकून भडकला. "खराब माल दिधा त्यानी! सकाय जळगावले जास, दुकानमा उभा राहीसन इचारस."

"नको बाबा. त्यांची चूक नाही. माझा हातच तसला आहे. तुम्ही म्हणत होता तेच खरं. सरांना उद्या नाही म्हणून कळवते."

चिंधा एकदम नरमला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे पोरी. सर्वासलेच जमत नई." आणि तो मायेचा हात बघून कमलबाईला पोरीवर चिंधा ओरडला असता त्याहून जास्त भीती वाटली. या हाताखाली पोर आता कायमची मान खाली घालून बसेल, असं तिला दिसलं.

शुक्रवारी पोथी उघडली तर अक्षरं जागेवर राहीनात. ती खोटं बोललेली नव्हती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. हे तिने कालपासून किती वेळा स्वतःला सांगितलं असेल, आणि दर वेळी ते कमी पटत होतं. भीती नुसती पोरीच्या रागाची नव्हती. पोर म्हणेल, तुझ्या देवाने माझं वाटोळं केलं. आजवर ती बिचारी निदान संध्याकाळचा दिवा तरी लावत होती. ते म्हणाली तर आपण काय उत्तर द्यायचं?

आतल्या खोलीतून मोबाईलवर टाईप करण्याची टकटक येत होती. पुनम दीपक सरांना लिहीत होती.

कमलबाई अध्याय अर्धा टाकून उठली. आजवर असं कधी झालं नव्हतं.

"पुनम, ते पाठवू नको."

"का?"

"पिना तू नाही वाकवल्या." पुढचं एका दमात आलं, नाहीतर आलंच नसतं. "मी काल झाकण काढून अक्षता वाहिल्या. एक आत पडली. वातीने काढायला गेले, त्यात वाकल्या. तू जोडायच्या आधीच वाकल्या होत्या."

पुनमने मोबाईल खाली ठेवला.

"कापसाने पुसलं?"

"हो."

"किती वेळा?"

"तीनदा."

पुनमने खोकं ओढलं, बोर्ड काढला आणि उजेडात तिरका धरला. "एकाच दिशेला झोपल्यात," ती हळूच म्हणाली. "प्रोसेसर तिरका बसला असता तर अशा झोपल्या नसत्या. म्हणजे मी नीट बसवला होता." आणि मग आवाज चढला. "मी नीट बसवला होता, आई! आणि तू दारात उभी राहून बघत होतीस. काल दिवसभर. बाबा माझ्या डोक्यावर हात फिरवत होते तेव्हासुद्धा!"

"हो."

"का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"कोणाची? माझी?"

देवाचं नाव पुनमने काढलं नाही, एवढंच कमलबाईच्या ध्यानात आलं. पुनमने डोळे पुसले, टाईप केलेलं सगळं खोडलं आणि कागदावरचा नंबर फिरवला. पलीकडचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता आणि फोनमधून बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"कशानी वाकल्या?"

"कापसाच्या वातीने, आजोबा."

"अरे देवा. धागा अडकला असंल. ज्यानी पुसलं त्यालाच पाठवा. हात कुठून कुठं फिरला ते त्यानी माझ्यासमोर फिरवून दाखवायचं, तेव्हा मी उलटं फिरवीन. अंदाजानं गेलो तर मोडतील. आणि जमंलच असं सांगत नाही हां. दोनच्या आत या, नंतर उजेड चांगला नसतो इथं."

फोन ठेवून पुनम म्हणाली, "मी येणार नाही. मला आत्ता तुझ्याबरोबर बसमध्ये बसायचं नाही."

"नको येऊ. मी नेते."

"तिथे गेल्यावर लाजशील. दोनदाच पुसलं म्हणशील. ते चुकीचं सरळ करतील."

"तीनदा सांगेन. जसं झालं तसं सगळं दाखवेन."

"हात लावणार नाही म्हणून परवापण म्हणाली होतीस."

हे लागलं. कमलबाईने मान खाली घातली, पण मागे सरली नाही. "म्हणाले होते. या वेळी पाळते."

पुनमने बोर्ड पिशवीत गुंडाळला, खोक्यात ठेवला आणि खोकं तिच्या हातात दिलं. देताना बोटं मुद्दाम लागू दिली नाहीत. मग भिंतीशी टेकून तिने सहा घरांचे कागद उघडले आणि पेन्सिल घेतली.

बाहेरच्या ओट्यावर चिंधा चहा पीत होता. "कथी चालनी? जळगावले तं मी जाई राह्यनू."

"तुम्ही नका जाऊ. त्या माणूसनी चूक नई, पोरनी बी नई." तिने पायात चप्पल सरकवली. "मन्हा हातनी चूक शे. धुयाले जास, सांगाले."

चिंधाने बशी खाली ठेवून काही विचारायच्या आधी ती पायरी उतरली होती. स्टँड पंधरा मिनिटांवर होतं आणि गाडी भरून येणार होती. खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून, रस्त्यातले खड्डे चुकवत, कमलबाई चालू लागली.