मिठागराचा धडा

मृणालीच्या कथेत तिचे वडील दयाराम खऱ्या नावानिशी आले होते. एका कंपनीचा भराव त्यांच्या मिठागरात पडू लागला तेव्हा ते डंपरसमोर आडवे झाले आणि पोलिसांनी त्यांना चिखलातून ओढत नेलं, हे सगळं तिने लिहिलं होतं. लिहिता लिहिता ती त्यांना वाचूनही दाखवायची.

पुढे त्याच कंपनीच्या फाउंडेशनने तालुक्यातल्या शाळांसाठी पूरक वाचनाचं पुस्तक काढायला घेतलं. तिची कथा वाचून संपादक सुजितने फोन केला.

"मॅडम, कथा सुंदरच आहे. फक्त ते पोलीस, ती ओढाताण... मुलं लहान आहेत हो. शेवट जरा पॉझिटिव्ह करता आला तर?"

तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. शाळेच्या पुस्तकात आपलं नाव यावं, एवढीच हौस. तिने शेवट बदलला. वडिलांना मात्र सांगितलं, "बाबा, तुमची गोष्ट शाळेत लागली."

प्रकाशनाला दयाराम इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. सातवीतली राही माईकवर खणखणीत वाचू लागली. गोष्टीत डंपर आले तसे दयारामांचे ओठ हलू लागले. पुढचं त्यांना पाठच होतं.

"दयाराम आजोबा हसले," राही वाचत होती, "आणि म्हणाले, घ्या जमीन, पोरांचं भलं होईल."

ओठ थांबले. मंचावर बसलेल्या मृणालीने मान खाली घातली.

टाळ्या ओसरल्यावर राही त्यांच्यापाशी आली. "आजोबा, तुम्हाला जरापण वाईट नाही वाटलं?"

बाबांनी खरं काय ते सांगून टाकावं, असं मृणालीला मनापासून वाटलं. आणि ते सांगतील याची भीतीही वाटली.

दयारामांनी मंचाकडे पाहिलं. "न्हाय गो," ते म्हणाले. "माझ्या पोरीनं लिवलंय तसंच झालं."

तेवढ्यात सत्कारासाठी तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली आणि तिने शाल घेतली.

परतताना रिक्षात दयाराम हळूच म्हणाले, "त्यांनी बदलाय लावलं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. "त्यांनी विचारलं, बाबा. बदललं मीच."

रिक्षा कंपनीच्या लांबलचक भिंतीकडेने चालली होती. त्यांनी तोंड बाहेर वळवलं.

"मंग माझं नाव तरी काढायचं व्हतंस."