क्रिवी ब्रोदच्या मिरच्या आणि माझे चार टक्के

मी बॅटरी बोलतेय. टॉर्चमधली नव्हे हं! मला उचलायला क्रेन लागते.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. आधी जहाजातून, मग ट्रकवरून मी बल्गेरियातल्या क्रिवी ब्रोद गावी आले आणि बंद पडलेल्या शाळेच्या मागे बसले. शेजारच्या माळावर सौर पॅनेल माझ्या आधीपासून होती. भरदुपारी ती इतकी वीज करायची की घेणारं कोणी नसायचं. मग त्यांना चक्क बंद करून ठेवावं लागायचं. संध्याकाळी सगळ्यांना वीज हवी, तर सूर्य घरी गेलेला! दुपारची वीज पोटात साठवायची आणि संध्याकाळी घरोघरी द्यायची, हे माझं काम.

माझा पहिला दिवस मात्र फजितीचा होता. सरपंच ग्रोझ्दान यांनी भाषण केलं, रिबीन कापली. मग पाद्रीबाबांनी तुळशीची जुडी पवित्र पाण्यात बुडवून माझ्यावर असं काही पाणी शिंपडलं, की ते थेट माझ्या जाळीतून आत गेलं. मी घाबरून भोंगा वाजवला. वीस मिनिटांत आगीचा बंब हजर! त्यांनीही पाणीच आणलं होतं. माझी देखभाल करणारी रादोस्तिना मध्ये आडवी आली, म्हणून मी वाचले.

त्या दिवसापासून गेनोवेवा आजींनी माझ्याशी वैर धरलं. वय एक्याऐंशी, आवाज माझ्या भोंग्याच्या तोडीचा. "ही पेटी आली आणि माझ्या मारकाचं दूध आटलं," असं त्या गावभर सांगत सुटल्या. मारका म्हणजे त्यांची शेळी. खरी गोष्ट मला ठाऊक होती. माझ्या पंख्यातून ऊबदार हवा येते. मारका सकाळीच दावं सोडवून यायची आणि पंख्यासमोर दिवसभर डुलक्या काढायची. चरायचं नाव नाही. दूध येणार कुठून? पण मला कोण विचारतंय!

आजींनी अर्ज लिहिला, 'पेटी हलवा'. एकेचाळीस सह्या झाल्या. रविवारी मतदान ठरलं.

आणि आदल्या दिवशी, शनिवारी, गावाचा मिरच्या भाजायचा दिवस होता. सप्टेंबरात इथं घरोघरी ल्युतेनित्सा करतात, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्या आणि टोमॅटो घोटून केलेली चटणी, वर्षभर पुरेल इतकी. मिरच्या भाजायला प्रत्येकाकडे विजेचं उभं भांडं असतं. अंगणाअंगणात पोती रिकामी झाली, भांडी तापली, आणि गवताच्या गाड्याने वेशीवरचा विजेचा खांब पाडला.

सगळं गाव बंद. दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. पिकलेल्या मिरच्या उन्हात दोन दिवस थोड्याच थांबतात?

रादोस्तिना धावत आली. तिने गावाची तार बाहेरच्या तारेपासून तोडली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता गाव तुझ्यावर, बाई."

मी सत्तर टक्के भरलेली होते. नेमकं आभाळ भरून आलं. पॅनेल रुसली.

"सगळ्यांनी एकदम लावू नका! ती कोसळेल!" रादोस्तिनाने बजावलं. सरपंच कर्णा घेऊन गल्लीगल्लीतून ओरडत सुटले, "वरची आळी, भाजा! खालची आळी, थांबा! स्टॉयका, तुझं झालं, आता लाडीगोडी नको!"

गेनोवेवा आजी मात्र दारात बसून होत्या. "मला तिची वीज नको. मला आधीची द्या."

"आजी, आधीची वीज खांबाखाली पडलीय," रादोस्तिना म्हणाली.

"मग मी थांबते."

पाच वाजता त्या माझ्याकडे आल्या. एकट्याच. पंख्यासमोर मारका घोरत पडली होती.

"अच्छा! इथं असतेस होय गं भवाने!" आजी ओरडल्या. मारका पसार. आजी माझ्या जाळीजवळ वाकल्या. मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "हे बघ, तुझ्याविरुद्ध माझी सही आहे. ती आहेच. पण मिरच्यांनी काय पाप केलंय?"

मी नऊ टक्क्यांवर होते. तीन टक्क्यांना मी आपोआप बंद पडते. रादोस्तिनाने आकडा बघितला आणि आधी कचेरीतला सरपंचांचा बिअरचा फ्रिज बंद केला. मग तिने आजींचं भांडं लावलं. आठ. सात. माझ्या अंगात कळा येत होत्या, पण मी दम धरला. शेवटची मिरची निघाली तेव्हा मी चारवर होते.

रविवारी सरपंच म्हणाले, "पेटी हलवावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सगळं गाव आजींकडे बघू लागलं. आजींचे दोन्ही हात एप्रनच्या खिशात होते. त्या ते काढेनात. मग कोणीच हात वर करेना.

"आजी, अहो अर्ज तर तुमचाच!"

"अर्ज माझा, तसे हातही माझेच," आजी म्हणाल्या आणि उठून घरी गेल्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. माझ्यात पूर्वीइतकी वीज मावत नाही, पण काम चाललंय. आजी रोज सकाळी येतात, चष्मा लावून माझा आकडा वाचतात. "आज बासष्ट का? बरं आहे तुझं. मी चाळीसवरच." मग माझ्या भिंतीला पाठ टेकून ऊब घेत बसतात. जानेवारीत एकदा मी अकरावर गेले, तर त्यांनी घरून घोंगडी आणून मला पांघरली. पंखा गुदमरला, भोंगा वाजला, रादोस्तिना धावत आली.

म्हणून तिला एवढंच सांगणं आहे. पोरी, हिवाळ्यात ऊन कमी असतं, मला कळतं. तरी सकाळी मला चाळीसच्या खाली ठेवू नकोस. मला काही होत नाही गं. आजींच्या जिवाला घोर लागतो.