शमशुद्दीनची गाठ

मी एक जुना मालट्रक आहे. या क्षणी जयसिंगपूरला माझ्या मालकांच्या गोडाऊनसमोर माझ्याभोवती पाच-सहा माणसे उभी आहेत आणि त्यांतले कुणीही बोलत नाही. नेसरीहून एसटीने आलेल्या बायडाबाईंनी पदराची गाठ सोडून गिऱ्हाईकाने परत धाडलेला मूठभर तांदूळ माझ्या मागच्या उघड्या फाळक्यावर पसरला आहे. त्यांनी एवढेच विचारले, "ह्यो माझा तांदूळ हाय?"

मित्रांनो, मी आयुष्यभर ओझीच वाहिली. पण या मौनाइतके जड काही माझ्या हौद्यात चढल्याचे आठवत नाही. ते फुटेपर्यंत माझी हकीकत ऐका.

माझे इंजिन दूरच्या कारखान्यात घडले, पण देह मला कोल्हापुरात मिळाला. तिथल्या सुतारांनी माझा हौदा फळी फळी जोडून बांधला. रंगाऱ्याने कपाळावर दोन मोर काढले. पहिल्याच दिवशी चावी शमशुद्दीनच्या हाती आली आणि त्यानंतर वीस वर्षे ती दुसऱ्या हाताला ठाऊक नव्हती.

गडहिंग्लजकडच्या गावांतून आम्ही धान्य आणत असू. बायडाबाईंच्या शेतातला घनसाळ तांदूळ चढला की माझ्या जुनाट फळ्यांनाही सुगंध येई. पावती कधी कुणी मागितली नाही. ताडपत्रीवर दोर आवळून शमशुद्दीन शेवटची गाठ मारी आणि धान्याच्या धन्याला ती ओढून पाहायला सांगे. बायडाबाई ओढून पाहत, हसत, "बसली!" म्हणत. जयसिंगपुरात गिऱ्हाईक तीच गाठ पाहून माल उतरवून घेई. ती गाठ विचित्र होती, दोन पेडांची, उलट्या फिरकीची. शमशुद्दीनने ती एकाच माणसाला शिकवली होती: हमाल आकारामला. दोघे एका डब्यात जेवत.

दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. मालकांचा लहानगा राजवीर शमशुद्दीनच्या मांडीवर बसून माझे स्टिअरिंग फिरवी, त्याला चाचा म्हणे. मग थोरले मालक गेले, राजवीर मालक झाला, नव्या गाड्या आल्या. माझे मोर फिकट झाले, एक आरसा तडकला तो तसाच राहिला. त्याचे मला दुःख नाही. जुने होणे हा विश्वासघात नव्हे.

विश्वासघात गेल्या महिन्यात झाला, भर दुपारी, लख्ख उन्हात.

शुक्रवार होता. बायडाबाईंची बारा पोती गिऱ्हाईकाकडे नेताना आम्ही वाटेत याच गोडाऊनपाशी थांबलो. भरलेली गाडी सोडून शमशुद्दीन कधी हलत नसे, पण राजवीर प्रेमाने म्हणाला, "चाचा, नमाजला जाऊन या की. गाडी काय पळून जातीया? घरातच हाय." मांडीवर खेळवलेल्या पोरावर शमशुद्दीनने भरवसा ठेवला. तो दिसेनासा झाला आणि राजवीरने आकारामला हाक मारली.

"चाचा येऊ द्यात की, मालक," आकाराम म्हणाला.

"तुला उद्यापास्नं कामावर यायचं हाय न्हवं?"

आकारामने दोर सोडला. घनसाळची बारा पोती उतरली. तशाच शिवणीची, बिनवासाच्या तांदळाची बारा पोती चढली. मग आकारामने तीच गाठ पुन्हा मारली. गाठ अचूक बसली. परत येऊन शमशुद्दीनने ती ओढून पाहिली आणि समाधानाने मला गिऱ्हाईकाच्या दाराकडे हाकले.

आता मौन फुटते आहे. राजवीर बोलतो आहे.

"मावशी, गाडी माझी, दोर चाचाचा. मधी कोण हात लावतंय? चाचालाच इचारा."

"आता वासबी दोरीनं बांधायचा काय?" मागून कुणीतरी टोमणा मारतो. कुणी हसत नाही.

"शमशुभाई," बायडाबाई म्हणतात, "गिऱ्हाईक म्हणालं, गाठ जशीच्या तशी हुती. तुमच्याच हातची न्हवं?"

"मला तर माझीच वाटली, बायडाक्का."

"मग आजपास्नं नेसरीचं एक पोतं ह्या गाडीत चढायचं न्हाय. आन तुमीबी आमच्या दारात याचं न्हाय."

शमशुद्दीनचा हात माझ्या फाळक्यावर टेकतो. वीस वर्षांच्या नावातून आता काही उरत नाही, हे त्याला कळते. आणि त्याच क्षणी आणखीही काही कळते. तो सावकाश वळतो.

"आकाराम, ही गाठ दोघास्नीच येती. त्या शुक्रवारी मी नमाजला गेलतो. तू हितंच हुतास. गाडीला कुणी हात लावला? सांग की, गड्या."

मित्रांनो, वाहनांना तेलपाणी करा, त्यांना उन्हापावसात टाकू नका, असे मी तुम्हाला सांगायला हवे होते. आज ते ओठावर येत नाही. मी सारे पाहिले आहे आणि माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही. ज्यांना वाचा मिळाली आहे, त्यांनी ती सांभाळावी. लोखंडाचे गप्प राहणे हा त्याचा स्वभाव आहे. माणसाचे गप्प राहणे ही त्याची निवड असते.

आकाराम राजवीरकडे पाहतो. मग बायडाबाईंकडे. शमशुद्दीनकडे मात्र पाहत नाही.

"एक शबुद बोल," शमशुद्दीन म्हणतो. "हुता का न्हवतास, येवडंच सांग."

आकाराम खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून फिरवतो, माझ्या चाकाजवळ ठेवलेला पोती ओढायचा हूक उचलतो आणि फाटकाच्या दिशेने चालू लागतो.